केसरचं घर कुठलं

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात सत्यवतीच्या जिभेचा सगळ्यांनाच धाक. सुक्या बोंबलाचा भाव असो की दुसरीच्या नवऱ्याचं वय, समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत ही बोलून मोकळी. धाकट्या बहिणीला, केसरला, मात्र याच जिभेचा आधार वाटायचा.

म्हणून सहा वर्षांपूर्वी केसरच्या छातीत गाठ निघाली, तेव्हा मुंबईच्या इस्पितळात तिच्यासोबत सत्यवतीच गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला कॅन्सर झाला होता?"

"आमची आय..." केसरनं तोंड उघडलं.

"आय म्हायेरची. त्या इचारतान तुझ्या घरचा," सत्यवतीनं तिला अडवलं आणि बाईंना ठणकावून सांगितलं, "घरात कुणालाच न्हाय."

लग्न झालेल्या बाईचं घर म्हणजे सासर, यात विचार करण्यासारखं काय होतं? आई पोटाच्या कॅन्सरनं गेली होती, आजीही पोट फुगूनच. पण थोरलीपुढं केसर गप्प बसली.

गाठ काढली, केसर बरी झाली. चार वर्षांनी तिचं पोट फुगलं. अंडाशयाचा कॅन्सर, तोही पसरलेला. आता कुठं आईचा विषय निघाला, रक्त तपासलं, आणि कळलं की छाती आणि अंडाशय दोन्हीकडं कॅन्सर करणारा हा जनुकातला दोष आईकडूनच आलाय. "आधी कळलं असतं तर अंडाशय तेव्हाच काढून टाकायला सांगितलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. केसर सत्यवतीला एका शब्दानं बोलली नाही. गेल्या शिमग्याआधी ती गेली.

दुखवट्याला आलेल्या वेणूबाईनं केसरच्या मुलीला, मृणालीला, जवळ घेतलं. "माय मरो, मावशी जगो," बिचारी धीर द्यायला म्हणाली. सत्यवती उठून मागल्या दारी गेली, ती वेणूबाई जाईपर्यंत आत आली नाही.

पुढं तिचंही रक्त तपासलं. तोच दोष. पन्नाशी उलटलीय, अंडाशय आणि नळ्या काढून टाका, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली. सत्यवतीनं ती चुकवली. दुसरीही चुकवली, बोंबील वाळत घातलेत, म्हणाली. जे केसरला मिळालं नाही, ते आपण कुठल्या तोंडानं घ्यायचं?

तिसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी मृणाली थेट वाळवणावर आली. सत्यवतीनं सगळं सांगून टाकलं. "तुझी आय सांगत होती. मीच तिला गप केली. माझ्यामुलं गेली ती."

मृणालीनं खाली पडलेला बोंबील उचलून पुन्हा काठीवर टाकला.

"आईनं सांगितलं होतं मला. म्हणाली, मावशीला बोलू नको, तिला सोसणार न्हाय. राग मला अजून येतो, मावशी. पण माझ्यात पण तो दोष निघालाय. दुसरं मूल झालं की मला पण हेच करायचंय. तेव्हा माझ्यासोबत कोण येणार?"

सत्यवती तिथंच वाळूत बसली आणि रडली. मरता मरताही केसरनं आपल्यालाच सांभाळलं, हे तिला कुठल्याही शिवीपेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी ती इस्पितळात दाखल झाली. भूल चढताना तिनं देवाकडं काही मागितलं नाही. केसरची माफी मागायचीसुद्धा तिला लाज वाटली.