बाराचे चार

एकोणीस वर्षं माझ्या नवऱ्यानं जपानी बँकांचाच अभ्यास केला, आणि तोही एका बँकेच्याच संशोधन विभागात बसून. कुठल्या बँकेनं जमिनीवर किती कर्ज वाटलं, हे ह्यांना तोंडपाठ. मुलीची इयत्ता मात्र मला विचारत.

जमिनीचे भाव कोसळले त्या हिवाळ्यात एका रविवारी शेगडी बसवलेल्या उबदार टेबलाखाली पाय खुपसून हे म्हणाले, "फुमिए, आपल्या बँकेचं बारा टक्के कर्ज बुडालंय. बाहेर तीन सांगतायत."

"मग लिहा की!"

"लिहिलंय. पण आधी फिरवायला हवं."

फिरवायचं म्हणजे बैठकीआधी एकेका साहेबाला एकट्यात गाठून मसुदा दाखवायचा. मग बैठकीत कुणाची मान खाली जात नाही. ह्यांच्या मनात एकदा आलं होतं, कागद थेट बैठकीतच ठेवावा. मीच म्हटलं, "अहो, चारचौघांत साहेबांचा पाणउतारा करणार? तुमच्या साहेबांच्या बायको, नागामिने वहिनी, शाळेच्या सभेत माझ्या शेजारी बसतात."

हे फिरले.

कर्ज विभागाचे साहेब म्हणाले, "काम उत्तम, इसोगाई. पण त्या हॉटेलांचं कर्ज मेलेलं नाही रे, आजारी आहे. आजाऱ्याला कुणी तिरडीवर ठेवतं का?" बाराचे दहा झाले. शाखांच्या साहेबांनी ह्यांना वाम मासा खाऊ घातला. दहाचे सात. शेवटी ह्यांचे विभागप्रमुख नागामिने. "सगळे तुझ्यासाठी इतके वाकले, आता तूही थोडा वाक."

संध्याकाळी दारात बूट काढता काढता हे नवा आकडा सांगत. मी म्हणे, "एवढ्याशानं काय होतंय?" भात निवत असायचा.

बैठक अकरा मिनिटांत उरकली. अहवाल ह्यांच्या नावानं छापून आला: चार टक्के. वर्तमानपत्रांनी उचलला, व्याख्यानांची बोलावणी आली. मी ह्यांना नवा कोट शिवून घेतला.

सहा वर्षांनी बँक बुडाली. त्या आठवड्यात भाजीच्या दुकानात ओरिहाराबाई भेटल्या. त्यांचे यजमान शाखेत खिडकीवर असत.

"वहिनी, चार टक्के तुमच्या ह्यांनीच लिहिलं होतं ना? आमचे हे ते कात्रण पाकिटात ठेवायचे. मी म्हणायची, बँकेचे शेअर विकून टाकू. तर म्हणायचे, इसोगाई साहेबांपेक्षा तुला जास्त कळतं का?"

बाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वाकून नमस्कार केला, मुळा पिशवीत घातला आणि गेल्या.

आता हे एका लहानशा कॉलेजात बँकव्यवहार शिकवतात. पाठ्यपुस्तकात त्या वर्षापुढे चारच छापलंय, खाली आधार म्हणून ह्यांचं नाव.

"पोरांना खरं सांगता का?" मी एकदा विचारलं.

"एकाला सांगितलं होतं," हे म्हणाले. "तो म्हणाला, सर, पुरावा काय?"

"मग?"

"पहिला मसुदा मीच फाडला होता. त्याला म्हटलं, पुस्तकात आहे तेच लिही."