चुलीच्या वहीतलं नाव

आमच्या गावाला सरकारं दोन. एक मुंबई-दिल्लीचं. ते कागदावर येतं, आणि आलं की आपणच उठून त्याच्याकडं जायचं असतं. दुसरं आमचं, ग्रामसभेचं. ते गोटुलात, गावाच्या बैठकीच्या घरात, बसतं आणि चटई ज्याची त्यानं आणायची असते. जंगलाचा हक्क गावाला मिळाला तेव्हापासून बांबू कधी तोडायचा, पहाऱ्याला कोणी जायचं, आजाऱ्याला गडचिरोलीच्या दवाखान्यात न्यायला जीप आधी कोणाला, लग्नाच्या जेवणाचे मोठे गंज कोणाला, हे सगळं हे दुसरं सरकार ठरवतं. हात वर करून मोजणी नसते. सगळ्यांचं एक व्हावं लागतं. एकानं नाही म्हटलं की बैठक तिथंच अडते, मग तो एक कितीही बिनडोक असो. बरेचदा तो एक मीच असतो.

या सरकारकडं एक वही आहे. तिला चुलीची वही म्हणतात. माणसं मोजावी तर पोरं शहरात जातात, परत येतात, पुन्हा जातात. घरं मोजावी तर एका छपराखाली तीन भाऊ तीन दिशेला तोंडं करून राहतात. म्हणून चुली मोजायचं ठरलं. जिथं भात वेगळा शिजतो ती एक चूल. एका चुलीला बांबूच्या कामात एक जागा आणि पहाऱ्याची एक पाळी. आणि चुलीवर नाव बाईचं, कारण पेटवते ती. हे ठरलं तेव्हा मी उभा राहून भांडलो होतो. म्हटलं, घर बांधलं मी, छपरावर कवेलू चढवले मी, मग नाव तिचं काऊन? माझी बुढी, म्हणजे बायको, बायांच्या ओळीतून, बसल्या जागेवरून म्हणाली, "तुमच्या हातानं विडीच पेटते. लिव्हा माहं नाव." सगळा गोटूल हसला. मी हो म्हणून टाकलं.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. ग्रामसभेच्या जीपनं नेली, ग्रामसभेच्याच जीपनं आणली. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही. मी चौथी शिकलेला माणूस, असलं काही लिहायला घेतलं की अक्षर बिघडतं.

धान घरी आलं की दरवर्षी चुलीची वही मोठ्यानं वाचतात. नाव घेतलं की त्या चुलीच्या माणसानं "आहे" म्हणायचं. वाचनाच्या वेळी जी चूल पेटत नसेल तिचं नाव काटायचं. बुढी गेल्यापासून मी बाजूलाच लेकाच्या घरी जेवत होतो. सून तोंडानं तिखट, हातानं बरी. म्हणजे गोष्ट सरळ होती, यंदा बुढीचं नाव वहीतून जाणार. रेशनकार्डावरून ते गेलं, मतदार यादीतून गेलं, तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. ते कागद मुंबई-दिल्लीच्या सरकारचे. पण या वहीत ती स्वतःच्या तोंडानं शिरली होती. हे नाव मला काटू द्यायचं नव्हतं. बांबूची जागा गेली असती तरी चाललं असतं, पहाऱ्याची पाळी गेली असती तर उलट गुडघा सुखी झाला असता.

मग मी लबाडी केली. धान कापून झाल्यापासून रोज सकाळी तिची चूल पेटवायला लागलो. काड्या ओल्या घालायचो, म्हणजे कवेलूंतून धूर दाट निघावा. चुलीवर काहीच नसायचं. गावाला पुरेसा धूर दिसला असं वाटलं की पाणी मारायचो आणि लेकाकडं जेवायला जायचो.

त्याच दिवसांत पाहुणी आली. आमच्याकडं पाहुणे येतच असतात, ग्रामसभा कशी चालते ते पाहायला. बहुतेक लोक लिहून घेतात आणि चहा थंडा करतात. ही अमेरिकेतली होती, माझ्याच वयाच्या आसपासची, ठेंगणी, पांढऱ्या केसांची एकच वेणी. गोरी नाही. म्हणाली, आम्ही तिथले मूळचे, ओजिब्वे. जंगलात आणि तळ्यांच्या काठी राहतो, आमचंही आमचं सरकार आहे. सोबत नागपूरची एक बाई होती, ती इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं करून सांगायची. गावातले लोक धान चुरण्यात, मळणीत, गुंतलेले. रिकामा एक मी. तिला बांबूचा ढीग दाखवायला मला पाठवलं.

ढीग तिनं पाहिला, पण खरं विचारलं मीच जास्त. मला राहवेना. अमेरिकेत जंगलाची माणसं आहेत आणि त्यांचं सरकार आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

"तुमचं सरकार करते काय?" मी विचारलं.

ती सांगत गेली. त्यांचा दवाखाना आहे, शाळा आहे. थंडीत घर तापवायला जळण लागतं, म्हाताऱ्यांना त्याची मदत करतात. त्यांच्या तळ्यांत धान आपोआप उगवतं, कोणी पेरत नाही. डोंगीतून जाऊन झोडून आणतात. पण तळं कोणत्या दिवशी उघडायचं ते जाणती माणसं ठरवतात, त्याच्या आधी कोणी दाणा आणायचा नाही.

"आमचंही तसंच हाय," मी म्हटलं. "पंडुमचा सण झाल्याबिगर नवा आंबा तोंडात घालत नाई. घातला तं बुढे लोक सोडत नाईत."

ती म्हणाली, आमचेही सोडत नाहीत.

मग म्हणाली, चालता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना दुपारचं जेवण आमचं सरकार गाडीनं घरपोच करतं. मी विचारलं, "अन् त्याईच्यासंगं जेवते कोण?" नागपूरच्या बाईनं ते तिकडचं करून सांगितलं तेव्हा पाहुणी म्हणाली, हीच तक्रार आमच्याकडं आहे. ज्यांना चालता येतं ते एका मोठ्या खोलीत येऊन एकत्र जेवतात. जेवतात कमी, चुगल्या जास्त करतात.

मला ते सरकार आवडलं.

मी विचारलं, तुम्ही चुली मोजता का? ती म्हणाली, नाही, माणसं मोजतो. आणि माणूस आपला की नाही हे ठरवायला रक्त मोजतो. आजी-आजोबांकडून किती आलं ते. आमच्याकडं पाव हिस्सा लागतो.

"रक्ताचा पाव?" मी बांबूच्या ढिगावर खालीच बसलो. "अन् मोजता कायनं?"

"कागदानं," ती म्हणाली. मग सांगितलं की तिच्या मुलीचा हिस्सा जेमतेम पाव, तिनं बाहेरच्याशी लग्न केलं, त्या नवऱ्याच्या बाजूनं काही येत नाही, म्हणून नातवाचा पाव भरत नाही. नातू तिच्याच घरात राहतो, डोंगी चालवतो, तळ्यातलं धान झोडतो. पण वहीत त्याचं नाव लागत नाही. नियम बदलावा म्हणून ती बैठकीत भांडते आहे. काही लोक तिच्या बाजूनं आहेत, काही नाहीत.

मला जे विचारायचं होतं ते मी विचारलंच. "अन् मेलेल्याचं नाव काय करता? काटता?"

"नाही. गेल्याची खूण करतो. नाव ठेवतो. नातवाचं नाव लावायचं तर आजीचं नाव दाखवावं लागतं ना."

मी सरळ बोलून गेलो. "म्हणजे मेले ते वहीत अन् जिते ते बाहेर?"

नागपूरच्या बाईनं हे सांगावं की नाही असं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, सांग. पाहुणी ऐकून आधी हसली, मग चष्मा काढून ओढणीसारख्या कापडानं पुसत राहिली. म्हणाली, हे मी आमच्या बैठकीत तुमच्याच शब्दांत सांगीन. मी म्हटलं, सांगा, फुकट हाय.

ती दुसऱ्या दिवशी वडशाच्या गाडीनं गेली. तिनं सांगितलेलं मात्र माझ्या डोक्यात राहून गेलं. नाव ठेवतात. खूण करतात, पण नाव ठेवतात. एवढ्या मोठ्या मुलखात होतं तर आमच्या गोटुलात काऊन नाही?

वही वाचायच्या दिवशी झाडून सगळं गाव आलं. आमची सचिव म्हणजे गावातलीच एक सून, बारावी शिकलेली, आवाज खणखणीत. ती नावं घ्यायची, बाया "आहे", "आहे" म्हणायच्या. मग माझ्या बुढीचं नाव आलं. मी म्हटलं, "आहे."

सचिव म्हणाली, "मामाजी, चूल पेटते का?"

"रोज पेटते. धूर दिसत नाई का?"

माझी सून बायांतून उठली. डोक्यावरचा पदर सावरला आणि बोलली, "धूर दिसते. पण धुरावर पातेलं कुठी हाय? धूर तिकडं अन् जेवण इकडं. मी पंधरा दिवसांपासून पाहून राह्यलो. घरात कोणाले बोललो नाई, इथी बोलतो."

बाया तोंडावर पदर घेऊन हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, भाताले पाणी किती लागते ते तरी सांगा."

मी सांगितलं, "जेवढं लागते तेवढं." त्यावर गडीसुद्धा हसले.

मला राग आला. मी म्हटलं, उद्यापासून शिजवतो, कच्चं खाईन, जळकं खाईन, पण चूल वेगळी ठेवा. सून म्हणाली, "मंग माहं हो नाई. सासऱ्याची चूल वेगळी पडली तं लोक काय म्हणतील? सासू गेली अन् सुनेनं बुढ्याले तोडलं. मी तोडलं का? सांगा ना सगळ्याईसमोर. एक दिवस तरी भात थंडा वाढला का?"

वाढला नव्हता. तसं मी सांगितलं. पण तिचं हो नसेल तर चूल राहत नाही, आणि माझं हो नसेल तर नाव काटता येत नाही. बैठक अडली. लेक मान खाली घालून काडीनं जमीन कोरत बसला. बायको आणि बापाच्या मधे तो कधी बोलला आहे?

मग मी खरं सांगितलं. "मले बांबू नाई पायजे. चूलही नाई पायजे. बुढीचं नाव नका काटू. एवढंच."

कोणी हसलं नाही. सचिव वहीकडं पाहत म्हणाली, "मामाजी, चूल तुमची ठेवली तरी ओळीत नाव तुमचं येईन. नाव पेटवणाऱ्या जित्या माणसाचंच लागते. गेलेल्या आत्याबाईचं नाव दोन्हीकडून जातेच."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पंधरा दिवस मी धूर काढत होतो तो स्वतःच्या नावासाठी.

मग मी पाहुणीची गोष्ट सांगितली. गेल्याची खूण करतात, नाव ठेवतात, नातवाला आजीचं नाव लागतं. लोक विचारायला लागले. रक्त मोजतात ते खरं का? तळ्यात पेरल्याबिगर धान कसं येते? मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. मग एक गडी म्हणाला, "सगळ्या मेलेल्याईचे नावं ठेवले तं वही भरून जाईन."

"भरली तं दुसरी घेऊ," ती भाताच्या पाण्याची म्हातारी म्हणाली. "कागद बांबूचाच व्हते ना? बांबू आपलाच व्हय."

माझी सून अजून उभीच होती. ती सचिवाकडं वळली. "अशानं करा. मामाजीची चूल माह्या चुलीत घ्या. अन् माह्या नावाच्या वर आत्याबाईचं नाव लिव्हा. खूण करा अन् लिव्हा. चूल तिचीच व्हती. मले तिनंच शिकवलं. मी पेटवतो, एवढंच." मग माझ्याकडं न पाहता, "मामाजीचं हो हाय का ते त्याईले विचारा."

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. माझी चूल जाणार होती, बुढीच्या हातची, तिनं लिंपलेली. तरी मी हो म्हटलं.

सचिवानं लिहिलं. वर बुढीचं नाव, बाजूला एक छोटी चांदणी, खाली सुनेचं. मी उठून जाऊन पाहिलं. अक्षर चांगलं होतं.

आणि मग जे सुरू झालं ते मला ठाऊक असतं तर मी घरूनच जेवून आलो असतो. म्हातारी म्हणाली, माझ्या सासूचं लिव्हा. दुसरी म्हणाली, माझ्या जावेचं. कोणाची आई, कोणाची मोठीआई. काहींची नावं घरच्यांनाही नीट आठवेनात, मग त्यावर वाद, मग कोणी धावत जाऊन घरच्या म्हाताऱ्याला विचारून आलं. ढोरं जंगलातून परत यायला लागली तरी बाया उठेनात. सचिव हात झटकत होती.

वही मिटायच्या आधी तिनं मला विचारलं, "मामाजी, तुमचं कुठी लिहू? तुमचं नाव तं या वहीत कुठंच नाई."

तेही खरंच होतं. इतकी वर्षं मी बुढीच्या नावाखालीच राहिलो.

"राहू दे," मी म्हटलं. "मी जिता हाओ. दिसून राह्यलो ना?"

"दिसून राह्यले," माझी सून चटई गुंडाळत म्हणाली. "उठा आता. भात मांडाचा हाय."