ढब्बूचं तोंड फिरवणं

कुत्र्यांच्या खाण्याचं दुकान चालवणाऱ्या काकांचं तोंड म्हणजे वायसर गेलेला नळ. गिऱ्हाईक दारात दिसलं की आवाजात मध ओतून सुरू, "याऽऽ ताई! बाळाला काय देऊ? धान्य? अहो, कुत्रा आहे की कोंबडी?" मग ढब्बूला हाक. ढब्बू त्यांचा कुत्रा, दुकानाचा अर्धा मालक. काका त्याच्यापुढे पावाचा तुकडा धरायचे, "काय रे, खाणार?" ढब्बू डोळे मिटून, राजेशाही थाटात तोंड फिरवायचा. "बघा! मुक्या जिवालाही कळतं!" बिनधान्याच्या खाण्याची पिशवी खपायची. ढब्बूला बिनधान्याचं बिस्किट आणि वर 'शाब्बास'. हे तोंड फिरवणं काकांनीच त्याच्याकडून घोटून घेतलंय, हे गिऱ्हाइकाला कोण सांगतंय!

परवा ढब्बू जिना चढता चढता कोसळला.

"हृदय मोठं झालंय. भिंती पातळ झाल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एकेक शब्द चिमट्यात धरून टेबलावर ठेवावा, तसं बोलणं त्यांचं. "खाण्यामुळेच झालं, असं छातीठोक नाही सांगता येत. पण बिनधान्याच्या, वाटाणा-मसूर भरलेल्या खाण्यावर वाढलेल्या काही कुत्र्यांत हे दिसलंय. औषधं देते. खाणं मात्र आजच बदला. हे धान्याचं. पोटात गेलंच पाहिजे."

काकांनी दुकानातच ताटली मांडली. ढब्बूनं वास घेतला, मालकाकडे पाहिलं, डोळे मिटले आणि तोंड फिरवलं. शेपटी फरशीवर टप टप. शाब्बास कधी मिळतंय?

"अरे नाही रे, राजा! खोटं होतं ते सगळं. खा!" काका गुडघ्यांवर आले. एक दाणा स्वतः चावून दाखवला. "बघ, मी खातोय. काय मस्त आहे!" ढब्बूनं पुन्हा तोंड फिरवलं. धापा टाकत, पण आधीपेक्षाही झोकात.

"तुम्ही आधी बाहेर व्हा," काकू म्हणाल्या. "तुमचा आवाज आला की त्याला वाटतं, धंदा चालू आहे."

काका पायरीवर जाऊन बसले, तोंडावर हात ठेवून. तेवढ्यात नेहमीच्या ताई आल्या. "काका, आमची पिशवी? बिनधान्याचीच हं! कुत्रा आहे, कोंबडी नाही!" अगदी काकांचाच हेल.

काका ताडकन उठले आणि दार अडवून उभे राहिले. बोलायची सोय नव्हती. हात जोडून नुसती मान हलवत राहिले, नाही, नाही.

ताई खळखळून हसल्या. "आज ढब्बूऐवजी तुम्हीच का?"

आतून काकूंचं "खा रे सोन्या, एकच घास" तेवढं ऐकू येत होतं. ताटली अजून वाजली नव्हती.