साठ न्यूटन-मीटरचा आकडा

"तिसरा गिअरबॉक्स मोडला हा, साहेब. आणि तिन्ही वेळा ड्यूटी कमलताईंची," मुकादमभाई म्हणाले.

पनवेलजवळ त्यांचं सरबताच्या बाटल्या भरायचं युनिट आहे. मशीन आमच्या कंपनीचं. मी त्या कंपनीत डिझाइन इंजिनिअर. कमलताई आपट्याहून येतात, मशीन चालवतात. त्यांना कामावरून काढायचं पत्र टाइप होऊन टेबलावर पडलं होतं.

"कॅमेऱ्यात दिसतंय. मशीन झटक्यात थांबवायचं लाल बटण त्याच दाबतात."

"बाटली आडवी झाली तरी दाबू नको?" कमलताई दारातूनच म्हणाल्या. "काचा तुमी उचलणार हाय का? रिकामी थाळी दहादा थांबवली, कधी काय मोडलं नाय. भरलेली थांबवली कीच मोडतं."

थाळी म्हणजे बाटल्या पुढे नेणारी फिरती चकती. खरं सांगायचं तर माझाही संशय त्यांच्यावरच होता. तरी हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

स्टेपर मोटर, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर, ही थाळी गिअरबॉक्समधून फिरवते. फिरवण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात. एक न्यूटन-मीटर म्हणजे मीटरभर लांब पान्याच्या टोकाला साधारण शंभर ग्रॅम वजन. आमच्या स्पेसिफिकेशन शीटवर गिअरबॉक्सपुढे ६० लिहिलं होतं. इतका गोल आकडा मला खटकला. मोटरचा टॉर्क १.२, गिअर रेशो ५०, म्हणजे मोटरचे पन्नास फेरे तेव्हा थाळीचा एक. गुणाकार बरोबर साठ. म्हणजे कोणी पाहिलं नव्हतं, नुसतं गुणलं होतं.

त्यातले तीस टक्के घर्षणात जातात. उरले ४२, तेही मोटर उभी असताना. वेगात आणखी कमी. पण हा झाला मोटरचा जोर. गिअरचे दात किती सोसतात? सप्लायरने लपवलं असणार, या खात्रीने मी कॅटलॉग उघडला. गिअर रेशोच्या शेजारच्याच रकान्यात स्वच्छ छापलं होतं: कमाल २०. रिकामी थाळी झटक्यात थांबवली तर माझ्या हिशोबाने दातांवर ९ येत होते. भरलेली, ३२.

"मग चूक कोणाची?" मुकादमभाईंनी विचारलं.

मी शीट त्यांच्यापुढे सरकवली. 'तपासले' या शब्दासमोर माझी सही होती.

आठवड्याने ५० सोसणारा गिअरबॉक्स बसवला. थाळी भरून फिरायला लागली तशा कमलताई बाजूला झाल्या.

"आता भाई, तुमीच दाबा. कॅमेऱ्यात येऊ द्या."

भाईंनी पाच वेळा दाबलं. दात शाबूत राहिले. पत्र त्यांनी आमच्यासमोरच फाडलं.

गुणाकार बरोबर आला म्हणून आकडा बरोबर ठरत नाही. सही करण्याआधी शेजारचा रकाना वाचायला अर्धं मिनिट लागतं.