नमुन्याचं घर

कोयनेच्या भूकंपानंतर लोखंडी घरांचा एकच बोलबाला झाला. मुंबईच्या एका कंपनीनं अकोल्यात, मूर्तिजापूर रस्त्याला, तसं एक नमुन्याचं घर उभं केलं. ट्रकमधून पत्र्याच्या तयार, नुसत्या जोडायच्या भिंती आल्या, लोखंडी खांब आले, आणि बोल्ट आवळता आवळता आठवड्यात घर तयार झालं. धरणी हलली तरी हे घर पडणार नाही, असं कंपनीवाले सांगत. घर राहतं दिसावं म्हणून मॅनेजरनं फिटर देवमनला बायकोसकट त्यात राहायला लावलं. घर सोडायचं तर नोकरीही सोडायची, हे न बोलताच ठरलेलं होतं.

देवमनची बायको जमुना बाळापूरची. मातीच्या घरात वाढलेली. इथं भिंतीला खिळा ठोकायची सोय नव्हती, देवाची तसबीर पेटीवर टेकवून ठेवावी लागे. घर बघायला पाहुणे आले की तिनं मागच्या खोलीत जायचं आणि आवाज करायचा नाही, हा मॅनेजरचा नियम. पाहुणे चूल बघत, अंथरूण बघत, भिंतीवर टिचक्या मारत. ती आतून ऐकत बसे.

चैत्र सरला आणि घर तापायला लागलं. दुपारी भिंतीला हात लागला की चटका बसे. जमुनाला सातवा महिना होता.

"अवो, मले बाळापूरले धाडा," ती म्हणाली.

"लगेच कसं धाडू वं? पुढच्या हप्त्यात नागपूरचे साहेब घर पाहाले येऊन राहिले. घर रिकामं दिसलं त मॅनेजर मले ठेवते काय?"



ते साहेब आले ते भर दुपारी. पुढच्या अंगणात गाड्या थांबल्याचा आवाज आला, तशी जमुना मागच्या खोलीत गेली आणि सवयीनं दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं घशाला कोरड पडली. माठ पुढच्या खोलीत. नियम मोडून ती उठली, तर दार हलेना. लोखंडी चौकटीत लोखंडी दार उन्हानं फुगून गच्च बसलं होतं. खिडकीला गज, आणि खिडकीपलीकडे उजाड शेत.

तिनं हाक मारली. पण बाहेर सगळे भिंत वाजवून बघत होते आणि त्या ठणठणाटात हाक बुडाली. मग तिनं तळहातांनी भिंत बडवली.

"ऐका, कशी घुमते! एकजीव बांधणी आहे," मॅनेजर म्हणाला. बाहेरून पुन्हा ठणठण झाली.

आपलं बडवणंही त्यांना भिंतीचाच गुण वाटतोय, हे कळलं तेव्हा जमुनाला पहिल्यांदा भीती वाटली. पोटातलं बाळ निपचित होतं. तिनं कोपऱ्यातला रिकामा पितळी तांब्या उचलला आणि दारावर घातला, परत घातला, थांबलीच नाही.

देवमन धावत आला. खांदा लावला, लाथा मारल्या. दार हललं नाही. मग पाना घेऊन तो मागच्या बाजूला पळाला, बाहेरचे बोल्ट सोडले आणि अख्खी भिंत खाली उतरवली.

जमुना भुईवर बसली होती, घामानं लुगडं अंगाला चिकटलेलं. समोर सगळे साहेब उभे.  त्यातल्या एकानं घड्याळ पाहिलं.

"वा! इतक्या झटपट भिंत निघते!"

आणि टाळ्या पडल्या.

शेजारची आयशाबी तेवढी पुढं झाली. तिनं पाण्याचा गडवा जमुनाच्या तोंडाला लावला, तिला उठवलं आणि आपल्या मातीच्या घरात नेऊन निजवलं. उन्हं कलताना बाळ हललं, तेव्हा जमुना रडली.

देवमन उंबऱ्यात आला. "भिंत लावली," एवढंच म्हणाला.

"मी नाई येत तिथं."

"मंग कुठं जाशीन? मले तरी दुसरं घर कुठं हाय?"

ती गेली. जावंच लागलं. पण आत पाय टाकला तर मागच्या खोलीचं दार बिजागरीसकट काढून अंगणात आडवं टाकलेलं, चौकटीत गोणपाट लटकत होतं. मॅनेजरनं विचारलं तेव्हा देवमन खाली मान घालून म्हणाला, "दुरुस्तीले काढलं, साहेब."

जमुना बाळापूरला बाळंत झाली आणि लेकीला घेऊन त्याच घरात परतली. पुढं दोन वर्षं ते दार दुरुस्तीतच राहिलं. पाहुणे येत, भिंती वाजवत. जमुना लेकीला मांडीवर घेऊन गोणपाटाआड बसे, आणि एका हातानं त्याची कड जराशी उघडी धरून ठेवी.