विषयाच्या ओळीला कुलूप नसतं

धाकट्या बहिणीने मला एकच काम सांगितलं होतं. तिचे रिपोर्ट सुरतच्या डॉक्टरांकडे मेलने जावेत, त्यांचं उत्तर तिला यावं, आणि नवापूरला सासरी यातलं कुणाला काही कळू नये. राखीला माहेरी आली तेव्हा नंदुरबारला गुपचूप तपासणी केली होती. गर्भाशयात गाठ निघाली, कर्करोगाची.

"दादा, त्या घरमा कोनले कळाले नको. कळनं त मले इकडे धाडी देतीन," ती म्हणाली. आम्ही प्रकाशा गावी तापीच्या घाटाच्या पायरीवर बसलो होतो. रडत नव्हती. शेंगा सोलत होती.

मी शहाद्याला कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. न कळणारी गोष्ट वाचून काढायची मला सवय आहे. तिच्या घरी फोन कुणा एकाचा नसतो. चार्जिंगला लावलेला फोन ज्याच्या हाताला लागेल त्याचा. मोबाइलच्या दुकानदाराने घरातल्या सगळ्या फोनवर एकच मेल आयडी घालून दिला होता. त्यावर आलेलं सासऱ्यांच्या फोनवरही दिसायचं. फाइलला पासवर्ड लावावा, तर लॅबवाले जन्मतारीखच पासवर्ड ठेवतात, आणि ती घरात सगळ्यांना पाठ. ओटीपीने उघडणारी मेल घ्यावी, तर तिचं सिम नवऱ्याच्या खिशात. शेवटी मी एक वेगळं ॲप निवडलं. त्यात मजकूर पाठवतानाच कुलूपबंद होतो आणि ठरलेला शब्द घातल्याशिवाय उघडत नाही. तो शब्द आम्ही तोंडीच ठरवला. डॉक्टरांना मी फोनवर सांगितला.

"आन् तूच इसरी गया त?" तिने विचारलं.

"मी नाही विसरत."

"बायकोना वाढदिवस इसरस ना!" म्हणाली आणि त्या वर्षातलं शेवटचं मोकळं हसली.

मेल तिने नवापूरहून स्वतः पाठवली. शाळेत आम्हाला अर्ज लिहायला शिकवलं होतं. वर 'विषय' नसला की मार्क जायचा. तिने तसाच नीटस, पूर्ण विषय लिहिला : 'गर्भाशयातील कर्करोगाच्या गाठीवर उपचारांचा सल्ला मिळणेबाबत'. आतलं अक्षर अन् अक्षर कुलपात होतं. विषयाची ओळ उघडी जाते, हे ॲपच्या माहितीत शेवटच्या पानावर बारीक छापलं होतं.

डॉक्टरांचं उत्तर आलं तेव्हा फोन नणंदेच्या हातात होता. ती त्यावर मेंदीच्या नक्षी बघत होती. पडद्यावर तोच विषय परत आला. नणंद बी.ए. झालेली. तिने तो जेवत्या पंगतीत मोठ्याने, शुद्ध मराठीत वाचला.

सासू म्हणाली, "गाठ शे म्हणे! आन् आमले येडं बनाडी ऱ्हायनी व्हती. इतला कुलुपं लाई ठेल शेतस!"

नवरा ताटातून उठला नाही. भात मागून घेतला. हे बहिणीनेच मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शहाद्याकडे कोंबड्या घेऊन येणाऱ्या त्यांच्याच टेम्पोत, ड्रायव्हरशेजारी बसवून तिला आमच्या दारात सोडलं. पिशवीत दोन साड्या. मागे पिंजऱ्यांतून पिसं उडत होती. ड्रायव्हर म्हणाला, "माहेरले चालनी, ताई? मजा शे मंग." ती त्याला हो म्हणाली.

सुरतला ऑपरेशन झालं, पण नवऱ्याकडचं कुणी आलं नाही. नर्स रोज विचारायची, मिस्टर कुठे आहेत. बहीण म्हणायची, पोल्ट्रीत रोग आलाय. गाठ पसरलेली होती. ती आमच्याच घरी वारली.

अंत्ययात्रेला सासरचे सगळे आले. सासूने गल्लीला ऐकू जाईल असा हंबरडा फोडला : "मन्ही लेक वं! आमले काहीच सांगं नही वं!" बायकांनी तिला पाणी पाजलं. एकीने मला हळूच विचारलं, खरंच का हो लपवलं होतं?

आता बहिणीच्या नवऱ्याचं दुसरं लग्न ठरतं आहे. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"दादा, ते रिपोर्ट मेलवर टाकी द्या. पोरगीवाला इचारी ऱ्हायनात, बिमारी लागट व्हती का म्हनीसन."

मी पाठवले. कुलूप लावून. शब्द विचारायला त्याचे फोन येतात. पोरगीवाले थांबलेत, म्हणतो. लग्नाचा हॉल बुक करायचाय, म्हणतो. आवाज अगदी रडवेला होतो.

मी प्रत्येक वेळी फोन उचलतो, त्याचं सगळं बोलणं होऊ देतो, आणि मग सांगतो, आठवत नाही.