शिटीची भीती

कुकरचं झाकण उडालं तेव्हा मी ओट्यासमोरच होते. पहिली शिटी झाली, दुसरी होता होता मोठा आवाज आला आणि उकळतं वरण माझ्या उजव्या हातावर सांडलं. हात महिनाभरात बरा झाला. पण शिटी ऐकली की मी स्वयंपाकघरातून पळायचे. मनीषनगरच्या आमच्या इमारतीत सकाळी घरोघरी कुकर लागतात. तेवढा वेळ मी नळ सोडून न्हाणीघरात बसायचे. सासूबाई पातेल्यात डाळ शिजवू लागल्या.

शेवटी रामदासपेठेत एका मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे गेले. म्हटलं, "नवा कुकर चांगला आहे, हे कळतं मला. मग भीती का जात नाही?"

त्यांनी कागदावर मेंदू काढला. "आत बदामाएवढा भाग असतो, अमिग्डला. शिटी म्हणजे धोका, हे तो एका फटक्यात शिकला. नुसतं समजावून तो ऐकत नाही. शिटी झाली आणि काहीच बिघडलं नाही, असं पुन्हा पुन्हा घडलं, की कपाळामागचा भाग त्याला आवरायला शिकतो."

"म्हणजे भीती पुसली जाईल?"

"पुसली नाही जात. तिच्यावर नवी आठवण बसते."

आधी मोबाइलवर शिटी ऐकली. मग बैठकीतून, मग स्वयंपाकघराच्या दारातून. सासूबाई माझा दंड धरून उभ्या राहायच्या. "कायले भिऊन राहिली वं? मी हाव ना इथं." दोन महिन्यांनी मी स्वतः कुकर लावला. त्या दिवशी त्यांनी वरण दोनदा मागून घेतलं.

दिवाळीत उमरेडला धाकट्या बहिणीकडे गेले. तिच्या कुकरची शिटी झाली आणि मी थेट अंगणात! सगळी मेहनत पाण्यात गेली म्हणून रडूच आलं. डॉक्टरांना फोन केला.

"मेहनत वाया गेली नाही," त्या म्हणाल्या. "आपण कुठे आहोत, हे हिप्पोकॅम्पस नावाचा भाग टिपतो. तुमचा धीर तुमच्या स्वयंपाकघराशी जोडलाय. तिथेही थांबून बघा."

बहीण म्हणाली, "मंग चार दिवस राह्य ना, ताई. रोज वरण लावू."

राहिले. चौथ्या दिवशी तीन शिट्या मोजून गॅस मीच बंद केला.

आता कुणाकडेही गेले की आधी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. लोकांना वाटतं, मदतीला आले.